पहिला उपवासकाळ पाळताना: साबुदाणा विसरा, ताट मोजा

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा कॅथलिक उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी आमच्या प्रौढांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "उपवासाला साबुदाणा चालतो ना?" वसईतल्या या वर्गात मी मदतनीस म्हणून बसते. समोर नाना तऱ्हेची माणसं असतात. कुणी येत्या ईस्टरला स्नानसंस्कार घेणार असतं, कुणी कॅथलिक घरात लग्न होऊन आलेली सून असते, तर कुणी जन्माने कॅथलिक असूनही वीस वर्षांनी देवळाची पायरी चढलेलं. साबुदाण्याचा प्रश्न विचारणारी व्यक्ती बहुधा एकादशी-चतुर्थी पाळणाऱ्या घरातली. "चालतो की. आणि चपाती-भाजीही चालते," असं म्हटलं की तिचा चेहरा पडतो. चपाती खाऊन कसला उपवास?

सगळा घोळ इथेच आहे. ज्या उपवासात आपल्यापैकी बरेच जण वाढले त्यात पदार्थ ठरलेला असतो: गहू-तांदूळ नको, वरी-राजगिरा चालेल. कॅथलिक उपवासात पदार्थाऐवजी मोजमाप ठरलेलं आहे. म्हणून फराळाची यादी डोक्यातून काढून टाका.

आधी दोन शब्द वेगळे करा

ख्रिस्तसभेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, कायद्यात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि नवा माणूस त्या एकात एक कालवतो.

पहिली गोष्ट म्हणजे उपवास. दिवसातून एकच पोटभर जेवण. त्याखेरीज सकाळी आणि संध्याकाळी थोडंसं खायला मुभा आहे. "थोडंसं" म्हणजे किती? दोन्ही वेळचं खाणं एकत्र केलं तरी त्याचं एक जेवण होऊ नये, असा ठोकताळा सांगितला जातो. मधल्या वेळेत चरणं बंद. पाणी आणि औषध केव्हाही.

दुसरी गोष्ट मांसवर्ज्य. त्या दिवशी मटण, चिकन, कुठल्याही पशुपक्ष्याचं मांस खायचं नाही. मासे, कोळंबी, अंडी, दूध, तूप चालतं. किती खायचं याच्याशी या नियमाचं देणंघेणं नाही.

आता दिवस पाहा. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास आणि मांसवर्ज्य दोन्ही. एरवीचे शुक्रवार मांसवर्ज्याचे. मात्र प्रत्येक देशातल्या बिशपांच्या मंडळाला त्याऐवजी दुसरं प्रायश्चित्त ठरवून देण्याचा अधिकार आहे. त्यामुळे उपवासकाळाबाहेरच्या शुक्रवारी आपल्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, काय पाळतात ते फादरांना विचारून घ्या. वयाची अट अशी: मांसवर्ज्य चौदा वर्षं पूर्ण झाल्यापासून, तर उपवास अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत, म्हणजे एकोणसाठाव्या वाढदिवसापर्यंत. हे सगळं १९८३ च्या धर्मसंहितेत १२४९ ते १२५३ या पाच छोट्या कलमांत आहे.

वर्गात हे सांगून झालं की दोन प्रकारचे सुस्कारे ऐकू येतात. अर्ध्या लोकांना "एवढंच?" म्हणून हायसं वाटतं, अर्ध्यांना "एवढंच?" म्हणून फसवल्यासारखं वाटतं.

वर्षातून दोनच दिवस कसे उरले

पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांकडे लांबलचक नियम नव्हते. 'दिदाखे' नावाची एक फार जुनी शिकवण-पुस्तिका आहे. तिच्यात बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करा असं थोडक्यात सांगून टाकलंय. ईस्टरच्या आधी कुणी एक दिवस, कुणी दोन, कुणी सलग चाळीस तास उपाशी राहायचं, आणि यावरून दुसऱ्या शतकात मतभेदही होते. संत इरेनियस यांनी तेव्हा लिहिलेल्या पत्रात ही निरनिराळी रीत नोंदवली आहे. उपवास वेगळा असला तरी विश्वास एकच, असा त्यांचा सूर होता. वर्गात "आमच्या आजी तर..." अशी भांडणं सुरू झाली की मला हे पत्र आठवतं.

चाळीस दिवसांचा काळ चौथ्या शतकात पक्का झाला. ३२५ सालच्या निकेया इथल्या बिशपांच्या परिषदेच्या नियमांत तो सर्वांना ठाऊक असल्यासारखा उल्लेखलेला आहे. बायबलात मोशे चाळीस दिवस डोंगरावर, एलीया चाळीस दिवस वाटेवर, येशू चाळीस दिवस रानात. आकडा तिथून आला. पण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही. सहा आठवड्यांतून सहा रविवार वजा केले की उरतात छत्तीस. पोप ग्रेगरी द ग्रेट यांनी त्यालाही अर्थ लावला होता: वर्षाचा दहावा हिस्सा देवाला. पुढे चाळीस भरायला चार दिवस अलीकडे जोडले गेले आणि काळाची सुरुवात बुधवारवर आली. कॅलेंडरवर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत शेहेचाळीस दिवस का भरतात, याचं उत्तर हे. पोर्तुगीज भाषेतल्या क्वारेज्मा या शब्दाचं मूळही चाळीसच, आणि त्यावरूनच गोव्यात कोकणी माणूस या काळाला कोरेज्म म्हणतो.

तेव्हाचा उपवास आजच्या मानाने खडतर होता. सूर्य मावळल्यावर एकदाच जेवण, आणि त्यात मांस तर नाहीच, अंडी, दूध, चीज, लोणीही नाही. कोंबड्या मात्र कॅलेंडर बघत नाहीत. त्या अंडी घालतच राहायच्या, ती साठत जायची. ईस्टरला अंड्यांचं एवढं कौतुक का, याचं कोडं इथे बऱ्यापैकी सुटतं.

मग जेवणाची वेळ हळूहळू वर सरकली. संध्याकाळची दुपारी तीनवर आली, कारण तीनची, म्हणजे नवव्या तासाची 'नोना' प्रार्थना झाली की जेवायला हरकत नाही असं धरलं गेलं. मग ती प्रार्थनाच लवकर म्हणायला लागले. मध्ययुगाच्या अखेरीस तिनाचं जेवण बारावर आलेलं होतं. इंग्रजीत भर दुपारला 'नून' म्हणतात तो शब्द याच नवव्या तासापासून आलाय. जेवण बाराला आलं की रात्री भूक लागणारच. मठांत रात्रीच्या वाचनाच्या वेळी साधू पाण्याचा किंवा वाइनचा घोट घेत. वाचायला बहुधा संत कॅसियन यांचे संवाद असत आणि त्यांचं लॅटिन नाव 'कोलात्सियोनेस'. त्यावरून त्या घोटाला आणि पुढे त्याच्या जोडीला आलेल्या पावाच्या तुकड्याला 'कोलेशन' नाव पडलं. तुमचं आजचं सकाळ-संध्याकाळचं "थोडंसं" हे त्याच तुकड्याचं वंशज आहे.

"एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण काही फक्त आपल्याच मुलखाला लागू नाही. फ्रान्समधल्या रुआँ कॅथेड्रलला 'लोण्याचा बुरूज' आहे. उपवासकाळात लोणी खायची परवानगी मिळावी म्हणून लोकांनी मोजलेला पैसा त्याच्या बांधकामात गेला. कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीत पाण्यात राहणारा बीव्हर हा केसाळ प्राणी चक्क मासा म्हणून गणला गेला. व्हेनेझुएलात कॅपिबारा नावाचा डुकराएवढा प्राणी लोक आजही उपवासकाळात आवडीने खातात. १५२२ मध्ये झुरिकला एका छापखान्यात उपवासकाळातच सॉसेज कापून खाल्ली गेली आणि त्यावरून स्वित्झर्लंडमधल्या धर्मसुधारणेला तोंड फुटलं.

विसाव्या शतकातही नियम बराच कडक होता. १९१७ च्या संहितेप्रमाणे रविवार सोडून अख्खा उपवासकाळ उपवासाचा होता. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप पॉल सहावे यांनी 'पेनितेमिनी' हे आज्ञापत्र काढलं आणि सक्तीचे दिवस कमी केले. प्रायश्चित्त मात्र कमी केलं नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं असं ठेवलं. माझं स्पष्ट मत असं की या दुसऱ्या अर्ध्याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडला.

पहिला दिवस: राखेचा बुधवार

२०२७ मध्ये हा दिवस १० फेब्रुवारीला येतोय. आदल्या दिवसापर्यंत गोव्यात कार्निव्हल म्हणजे इंत्रुज चालतो. त्याचा अर्थच "आता आत शिरतोय", उपवासकाळात.

पहिल्यांदा करत असाल तर पोटभर जेवण कधी घ्यायचं हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. ऑफिसला जाणाऱ्याने दुपारी घ्यावं, असा माझा अनुभव. सकाळी एक कप चहा आणि अर्धी चपाती किंवा दोन बिस्किटं. दुपारी नेहमीचं जेवण: डाळ, भात, भाजी, हवा तर मासा. नेहमीचं म्हणजे नेहमीचंच, "आज एकदाच जेवायचंय" म्हणून दोन वेळचं नको. रात्री वाटीभर पेज किंवा एखादं फळ. ऑफिसात वाढदिवसाचा केक आला तर "नंतर घेते" म्हणून बाजूला ठेवा, भाषण देऊ नका. त्या दिवशीचं शुभवर्तमान बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं आहे. उपवास करताना तोंड उतरवून बसू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, असं येशू तिथे सांगतो. गंमत अशी की हेच वाचन ऐकून आपण कपाळावर राख लावून बाहेर पडतो. राख पुसून टाकायची की ठेवायची यावर नियम नाही.

ती राख गेल्या वर्षी झावळ्यांच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या, रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. घरात क्रुसामागे खोचलेली जुनी झावळी असेल तर आधीच देवळात नेऊन द्या.

शुक्रवार

शुक्रवार हा येशूच्या मरणाचा दिवस, म्हणून मांस नको. वसईच्या किनाऱ्यावर हा नियम थोडा हास्यास्पद होतो हे मान्य करायला हवं. कोळ्याच्या घरी शुक्रवारी चिकनऐवजी पापलेट आलं तर त्यात त्याग कसला? पापलेटचा भाव बघता तो खिशाचा असेल तेवढाच. नियमाने ते चालतं, त्यात पाप नाही. पण शुक्रवारचं जेवण साधं असावं हा नियमामागचा हेतू. सुका बोंबील आणि भाकरी त्या हेतूला जास्त धरून आहे.

तुम्ही मूळचे शाकाहारी असाल तर मांसवर्ज्याचा तुम्हाला काहीच त्रास नाही, मग शुक्रवारी दुसरं काही सोडा. एक अपवादही लक्षात ठेवा. महोत्सवाचा, म्हणजे सर्वांत मोठ्या दर्जाच्या सणाचा, दिवस शुक्रवारी आला तर मांसवर्ज्य लागू नाही. २०२७ मध्ये १९ मार्चचा संत जोसेफचा सण शुक्रवारी आहे. त्या दिवशी कुणी चिकन खाताना दिसलं तर डोळे वटारू नका.

उपवासकाळातल्या शुक्रवारी देवळात क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या मरणाच्या वाटेवरची प्रार्थना, असते. चौदा स्थानं, तासाभराच्या आत संपते. जमेल त्या शुक्रवारी जा.

चाळीस दिवसांसाठी एक गोष्ट, आणि तिचा हिशोब

पॉल सहाव्यांनी आपल्यावर सोपवलेला भाग तो हा. एकच गोष्ट निवडा. पहिल्या वर्षी लोक गोड, चहा, दारू, मोबाइल आणि राग अशी पाच कलमी यादी करतात आणि पहिल्याच रविवारी पाचही सुटतात. राग तर सोमवारपर्यंतही टिकत नाही.

निवडताना मी एकच कसोटी लावते: या गोष्टीचे पैसे मोजता येतात का? ही कसोटी माझी नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये हर्मास नावाच्या ख्रिस्ती माणसाने लिहून ठेवलेली रीत आहे. उपवासाच्या दिवशी भाकरी आणि पाणी एवढंच घ्यावं, एरवी जे खाल्लं असतं त्याची किंमत मोजावी आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. अठराशे वर्षांपूर्वीची ही सूचना आजही जशीच्या तशी अमलात आणता येते. स्टेशनवरचा रोजचा वडापाव आणि कटिंग तीस रुपयांना पडत असेल तर चाळीस दिवसांचे बाराशे. एक रिकामा डबा घ्या आणि रोज संध्याकाळी तीस रुपये खरोखर टाका. "शेवटी एकदम देऊ" म्हटलं की शेवटी काही दिलं जात नाही, हा माझा स्वतःचा दोन वर्षांचा अनुभव आहे.

पैसे द्यायचे कुठे? बऱ्याच देवळांत उपवासकाळाची वेगळी पेटी असते. कारितास इंडिया ही चर्चची मदतसंस्था याच काळात भूक आणि आजारांविरुद्धची मोहीम चालवते. तुमच्या इमारतीत घरकाम करणाऱ्या बाईंच्या मुलाची फी थकली असेल तर ते सर्वांत जवळचं. बायबलमधल्या यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय एकदा सावकाश वाचा. आम्ही उपवास करतो तरी देवा तुझं लक्ष कसं नाही, अशी तक्रार लोक तिथे करतात. देव उलट विचारतो की उपवासाच्या दिवशी तुम्ही मजुरांना राबवून घेता त्याचं काय? आपली भाकरी भुकेल्याबरोबर वाटून खाणं हा त्याला हवा असलेला उपवास.

भूक लागते तेव्हा

साडेअकराच्या सुमारास पोटात पहिला कावळा ओरडतो. तिथे दोन वाटा आहेत. घड्याळ बघत बसलात तर ते डाएट झालं. दुसरी वाट म्हणजे भुकेला देवळाची घंटा समजायचं: लागली की एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा', किंवा ज्याच्यासाठी डब्यात पैसे टाकतोय त्याचं नाव घेऊन एक ओळ. "आमची रोजची भाकर आज आम्हास दे" हे शब्द भरल्या पोटी इतक्यांदा म्हटलेत की गुळगुळीत झालेत. रिकाम्या पोटी म्हटल्यावर ते निराळे लागतात. संत ऑगस्टीन यांनी उपवास आणि दान यांना प्रार्थनेचे दोन पंख म्हटलंय. नुसता उपवास करून एका पंखावर किती उडाल?

कुणी करू नये

आजारी माणसं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांना उपवास नाही. अंगमेहनतीचं काम असणाऱ्यांनाही परंपरेने सूट आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांचं ऐका, फादरही तेच सांगतील. खाण्यावरून मनाचा आजार होऊन गेला असेल त्यांनी तर उपवासाच्या वाटेला जाऊच नये, दुसरं प्रायश्चित्त घ्यावं. सिएनाच्या संत कॅथरीनच्या कडक उपवासांची गोष्ट भक्तिभावाने सांगितली जाते. ती १३८० मध्ये अवघ्या तेहतिसाव्या वर्षी वारली, आणि खात जा असं तिला तिच्या भोवतालचे लोक विनवत होते, हे मात्र सांगायचं राहून जातं. संत फ्रान्सिस द सेल्स यांचं म्हणणं मला जास्त पटतं: हरीण फार लठ्ठ झालं तरी धावू शकत नाही आणि फार रोड झालं तरी नाही.

पाहुणा आला तर? चौथ्या शतकाच्या अखेरीस कॅसियन इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंकडे गेले, तेव्हा तिथे त्यांच्यासाठी रोजचा उपवास खुशाल मोडला जायचा. कारण विचारल्यावर एका म्हाताऱ्या साधूने सांगितलं की उपवास तर नेहमीच माझ्यासोबत आहे, तुम्ही मात्र निघून जाणार. तुम्ही स्वतः ठरवलेल्या व्रताला हा न्याय लावा. सासूबाईंनी प्रेमाने शिरा केला तर खा आणि डब्यात तीस रुपये टाका. सक्तीच्या दोन दिवसांना मात्र ही पळवाट नाही.

तासाभराचा उपवास

हा वर्षभराचा आहे आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा. मिस्सा म्हणजे देवळातली मुख्य उपासना; तिथे ख्रिस्तशरीर, म्हणजे आशीर्वादित भाकर, स्वीकारण्याआधी किमान एक तास पाणी आणि औषधाखेरीज काही घ्यायचं नाही. पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ मध्ये पाण्याला मुभा मिळाली, १९५७ मध्ये तीन तासांचा नियम आला आणि १९६४ मध्ये एक तासाचा. तास मिस्सा सुरू होण्याआधीचा नसून ख्रिस्तशरीर घेण्याआधीचा मोजायचा. च्युइंग गमही नको. वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना हा नियम नाही.

पवित्र सप्ताह

गुड फ्रायडेला मिस्सा नसते. दुपारी तीनच्या सुमारास दुःखसहनाचा विधी असतो: वाचन, क्रुसाची आराधना, ख्रिस्तशरीर. मार्चअखेर किंवा एप्रिलचं ऊन, गच्च भरलेलं देऊळ, लांब विधी. माझ्या पहिल्या वर्षी मी जास्तच उत्साहाने पाणीही सोडलं होतं. क्रुसाच्या चुंबनासाठी रांगेत उभी असताना डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी पुढच्या आजींच्या पाठीवर कोसळले. त्या बिचाऱ्या सकाळपासून पाणी पिऊन ताज्यातवान्या होत्या. या उपवासात पाण्याला बंदी नाही. पिण्याने उपवास मोडत नाही हे संत थॉमस अक्वायनस यांनीही तेराव्या शतकातच लिहून ठेवलंय. त्या दिवशी पोटभर जेवण साडेबाराला उरका, बाटली सोबत ठेवा.

मधेच चुकलात, सवयीने बुधवारी दोनदा जेवलात, शुक्रवारी लग्नात बिर्याणी खाऊन मग वार आठवला, तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू करा. अजाणता घडलं त्यात पाप नाही. जाणूनबुजून केलं असेल तर पापनिवेदन, म्हणजे फादरांसमोर पापाची कबुली, आहे, गोव्यात कुमसार म्हणतात ते. पवित्र सप्ताहात त्यासाठी रांगा लागतात, आदल्या आठवड्यातच उरका.

पवित्र शनिवारी सक्ती नाही, पण शुक्रवारचा उपवास जमल्यास ईस्टरच्या रात्रीच्या विधीपर्यंत न्यावा, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सुचवलं आहे. त्या रात्री उशिरा घरी आल्यावर एकदम बिर्याणीवर तुटून पडू नका, आधी थोडं गोड खा, जेवण सकाळी. आणि ईस्टरनंतर पाचव्या दिवशी शुक्रवार येतो तेव्हा नवी माणसं सवयीने मांस बाजूला सारतात. ईस्टरचे आठही दिवस महोत्सवाचे धरले जातात. त्या शुक्रवारी मटण चालतं.